शेहेचाळीस संगणक, एक मेनू

गेल्या शनिवारी, २८ मार्चला, तिसऱ्या खोलीतल्या शेवटच्या मशीनवर लॉगिन करून मेनू उघडला आणि तो बाकीच्या मशीन्ससारखाच निघाला. सगळ्या मशीन्सचा मेनू सारखा करायचं, ९ जानेवारीला हातात आलेलं काम अकरा आठवडे आणि एका दिवसानं संपलं. या काळात मी जिथे जिथे शोधलं तिथे सुटीसुटी उत्तरं मिळत होती. कुणी एका मशीनपुरतं सांगत होतं, कुणी एका डेस्कटॉपपुरतं, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या आणि मेनू सांभाळणाऱ्या एका प्रणालीपुरतं. पुष्कळ मशीन्स आणि त्यांतही वेगवेगळे डेस्कटॉप असले की काय करायचं, हे सलग कुठे सापडलं नाही. ज्यांच्या वाट्याला असं काम येईल त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते. फोल्डरांची आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची.

आमच्याकडे तीन खोल्या आणि ४६ संगणक. सगळ्यांवर डेबियन घराण्यातलंच लिनक्स, पण वरचा डेस्कटॉप निरनिराळा. जुन्या २१ मशीन्सवर एलएक्सडीई, १८ वर एक्सएफसीई, पाचांवर एलएक्सक्यूटी आणि अगदीच कमी मेमरीच्या दोन मशीन्सवर नुसतं ओपनबॉक्स. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. मशीन जसजशी येत गेली तसतसं बसवणाऱ्याला जे जवळचं वाटलं ते त्यानं टाकलं. माणसं मात्र रोज जागा बदलतात. आज पहिल्या खोलीत बसलेली व्यक्ती उद्या तिसऱ्या खोलीत जाते, आणि काल ‘ऑफिस’खाली असलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर आज ‘इतर’खाली सापडतं. एका मशीनच्या मेनूत चार टर्मिनल (कमांड लिहायचे प्रोग्राम), दुसऱ्याच्या एकही नाही. ‘माझा प्रोग्राम काढून टाकला का?’ असं विचारत कुणीतरी दर दोन दिवसांनी यायचं. प्रोग्राम तिथेच असायचा, फक्त सापडत नसायचा.

काम सांगितलं गेलं एका वाक्यात: सगळ्या मशीन्सचा मेनू सारखा करा. मला वाटलं, दोन शनिवार पुरतील.

आधी परवानगी. चालू मशीन्सवर प्रशासकाच्या हक्कानं काही बदलायचं तर आमच्याकडे अर्ज लागतो. १२ जानेवारीला अर्ज दिला, १६ ला तो परत आला. शेरा होता: ‘बदल मागे कसा घेणार, ते नमूद नाही.’ त्या दिवशी मी वैतागले होते, पण आता मागे वळून पाहता त्या शेऱ्यानंच मला पुढे दोनदा वाचवलं. अर्जात चार गोष्टी सुरुवातीलाच लिहून टाका: कोणत्या फोल्डरात बदल होणार, आधीची प्रत कुठे ठेवणार, मागे घ्यायला किती वेळ लागेल, आणि पहिल्यांदा कोणत्या एका मशीनवर करून बघणार. सोबत मेनूत कोणते प्रोग्राम हवेत याची यादी तिन्ही विभागांच्या सहीनं लागणार होती. या यादीवरच सगळ्यांत जास्त वेळ गेला, कारण प्रत्येकाला दुसऱ्याची यादी लांब वाटत होती. शेवटी ३४ नोंदींवर एकमत झालं. १९ ला पुन्हा अर्ज, २८ ला मंजुरी. वेळ मिळाली रोज संध्याकाळी सहानंतरची आणि शनिवारची.

मंजुरीची वाट पाहताना एक काम केलं, ते सगळ्यांनी करावं असं सांगेन. नुसती मोजदाद. एका एक्सएफसीई मशीनवर /यूएसआर/शेअर/अ‍ॅप्लिकेशन्स या फोल्डरात ११८ डेस्कटॉप फाइली होत्या, पण मेनूत दिसत होत्या ६३. या फाइली म्हणजे साध्या मजकुराच्या छोट्या चिठ्ठ्या असतात. प्रोग्रामचं नाव, चित्र, चालवायची कमांड आणि तो कोणत्या गटात बसतो ते त्यांत लिहिलेलं असतं. बाकीच्या ५५ कुठे गेल्या म्हणून एकेक उघडून पाहिली. काहींमध्ये नोडिस्प्ले=ट्रू होतं, म्हणजे ‘आहे, पण मेनूत दाखवू नका’. काहींमध्ये ओन्लीशोइन होतं आणि पुढे दुसऱ्याच डेस्कटॉपचं नाव. थोडक्यात, काय दाखवायचं आणि काय नाही हे ठरवायची सोय त्या चिठ्ठीतच आधीपासून होती. मी मात्र तेव्हा हे वहीत टिपून पुढे गेले.

३१ जानेवारी, पहिला शनिवार. मेनूलिब्रे नावाचा मेनू संपादक एका मशीनवर टाकला. छान आहे तो. ओढायचं, सोडायचं, नाव बदलायचं, गट करायचा. तीन तासांत ३४ नोंदींचा देखणा मेनू तयार झाला. मग तिथल्या फाइली शोधल्या तर त्या माझ्या होम फोल्डरात (माझ्या खात्याच्या स्वतःच्या फोल्डरात), डॉट लोकल/शेअर/अ‍ॅप्लिकेशन्समध्ये आणि डॉट कॉन्फिग/मेनूजमध्ये पडलेल्या. म्हणजे मेनू बदलला होता तो फक्त माझ्यासाठी. त्याच मशीनवर दुसऱ्या नावानं लॉगिन केलं तर सगळं जुनंच. तरी त्याच वाटेनं आणखी एक पाऊल टाकलं: त्या फाइली आरसिंक या फाइली पाठवणाऱ्या साधनानं सहा मशीन्सवर इतरांच्या होम फोल्डरांत उतरवल्या. प्रशासकाच्या हक्कानं उतरवल्यामुळे त्यांची मालकी रूटकडे, म्हणजे प्रशासकाच्या खात्याकडे, गेली, आणि मंगळवारी तिघांची तक्रार आली की मेनूतलं नाव बदलायला गेलं तर बदल जतन होत नाही. मालकी दुरुस्त करायला एक संध्याकाळ गेली. मेनूलिब्रे किंवा अलाकार्ट ही साधनं एका माणसाच्या एका मशीनसाठी उत्तम आहेत. ४६ मशीन्सची ती साधनं नव्हेत.

७ फेब्रुवारीला उलट टोक गाठलं. होममध्ये नको ना, मग मुळातच बदलू. /यूएसआर/शेअर/अ‍ॅप्लिकेशन्समधल्या फाइलींत नको त्या नोंदींना नोडिस्प्ले घातलं, गट बदलले आणि एका खोलीतल्या १४ मशीन्सवर ते चालवलं. सगळं हवं तसं दिसलं. मी खूप आनंदात घरी गेले. आठवडाभर शांतता होती. १६ ला सोमवारी सकाळी कक्ष सांभाळणाऱ्या ताईंचा फोन आला: “अहो, ते जुने सगळे परत आलेत.” आदल्या रात्री पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे, अपडेट झाली होती. तो फोल्डर पॅकेज व्यवस्थेच्या मालकीचा. पॅकेजची नवी आवृत्ती आली की ती आपली फाइल पुन्हा मांडते आणि त्यातला आपला बदल न विचारता पुसला जातो. चूक अपडेटची नव्हतीच. मी दुसऱ्याच्या जागेत लिहिलं होतं.

तो आठवडा मी काहीच बदललं नाही. अर्जातल्या ‘मागे घेणे’ या कलमाप्रमाणे उरलेले बदल काढून टाकले आणि चार संध्याकाळी फक्त वाचत बसले. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्याच आठवड्यात कळली: मेनू नावाची एक फाइल कुठेच नसते. दर वेळी तो थरांतून जुळवला जातो.

एक्सएफसीई १९९६ पासूनचं, एलएक्सडीई २००६ मध्ये सुरू झालेलं, एलएक्सक्यूटी हे एलएक्सडीईची क्यूटी शाखा आणि रेझर-क्यूटी एकत्र येऊन झालेलं. तिघांची घडण वेगळी असली तरी मेनूच्या बाबतीत तिघंही २००० साली सुरू झालेल्या फ्रीडेस्कटॉप प्रकल्पाचे नियम पाळतात. त्या नियमांप्रमाणे डेस्कटॉप फाइली बऱ्याच फोल्डरांतून गोळा होतात. सगळ्यात वरचा मान होम फोल्डरातल्या फाइलींचा. त्याखाली /यूएसआर/लोकल/शेअर. त्याखाली /यूएसआर/शेअर, म्हणजे पॅकेजेसची जागा. एकाच नावाची फाइल दोन ठिकाणी असेल तर वरच्या थरातली धरतात आणि खालची जणू नाहीच असं समजतात. दोन्हींची बेरीज होत नाही; वरची फाइल खालचीची जागा पूर्णपणे घेते.

म्हणजे उत्तर मधल्या थरात होतं. /यूएसआर/लोकल/शेअर/अ‍ॅप्लिकेशन्समध्ये त्याच नावाची फाइल ठेवायची. पॅकेज अपडेट होवो, नवी आवृत्ती येवो, या जागेला ती हात लावत नाही. आणि बदल मागे घ्यायचा तर आपली फाइल काढली की झालं, खालची मूळ फाइल आपोआप पुन्हा दिसू लागते. अर्जात ‘मागे घ्यायला लागणारा वेळ’ या रकान्यात तेव्हा मी बेधडक ‘५ मिनिटे’ लिहू शकले.

इथे एक सूचना. हा थरांचा क्रम एक्सडीजी_डेटा_डर्स या नावाच्या चलात असतो. तो तपासायचा तर मशीनसमोर बसून, डेस्कटॉपमध्ये लॉगिन करून, तिथल्या टर्मिनलमध्येच तपासा. मी आधी एसएसएचनं, म्हणजे नेटवर्कवरून दुरून लॉगिन करून, पाहत होते आणि तिथे तो रिकामा यायचा, कारण डेस्कटॉपचं सत्र सुरू होताना जे लावलं जातं ते दुरून केलेल्या लॉगिनला लागत नाही. आमच्या एक्सएफसीई मशीन्सवर या यादीच्या अगदी सुरुवातीला एक्सएफसीईचा स्वतःचा फोल्डर लावलेला निघाला. फ्लॅटपॅक किंवा स्नॅप (प्रोग्राम बसवायच्या वेगळ्या व्यवस्था) असेल तर त्यांचेही फोल्डर या यादीत येतात. तुमच्याकडचा क्रम कागदावर लिहून काढा. मग पुढचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत.

२१ फेब्रुवारीला तीनच मशीन्सवर, प्रत्येक डेस्कटॉपचं एक, नवी पद्धत लावली. या टप्प्यातल्या दोन चुका सविस्तर सांगते, कारण त्या कुणाच्याही हातून होतील.

पहिली. एखादी नोंद लपवायला डेस्कटॉप फाइलीत दोन शब्द आहेत, नोडिस्प्ले आणि हिडन. मला ते सारखेच वाटले आणि मी सगळीकडे हिडन=ट्रू लिहिलं. पीडीएफ वाचायचा प्रोग्रामही लपवला होता, कारण तो मेनूतून कुणी उघडत नाही, सगळे फाइलीवरच डबल क्लिक करतात. २४ तारखेला त्यातल्या एका मशीनवरून तक्रार आली की पीडीएफवर क्लिक केलं की चित्रं रंगवायचा प्रोग्राम उघडतो. गिम्प उघडत होता. हिडनचा अर्थ ‘दाखवू नका’ असा नाही. ‘ही फाइल पुसून टाकली आहे असं समजा’ असा आहे. त्यामुळे तो प्रोग्राम पीडीएफ उघडतो ही माहितीसुद्धा व्यवस्थेच्या लेखी नाहीशी झाली, आणि पीडीएफ उघडू शकणाऱ्यांच्या यादीत पुढचा जो होता तो समोर आला. नोडिस्प्ले फक्त मेनूतून लपवतं. डबल क्लिकचं नातं तसंच राहतं. सगळ्या फाइलींत हिडनच्या जागी नोडिस्प्ले केलं, अपडेट-डेस्कटॉप-डेटाबेस ही कमांड चालवली, प्रश्न मिटला. ज्या ताईंना एक महत्त्वाचं पत्र त्या सकाळी उघडता आलं नव्हतं त्यांची मी जाऊन माफी मागितली.

दुसरी चूक नावाची. विभागांनी प्रोग्रामांची साधी मराठी नावं मागितली होती. मी मूळ फाइलीची प्रत करून तिच्यातलं नेम बदललं, पण मराठी भाषा लावलेल्या मशीन्सवर जुनंच नाव येत राहिलं. कारण त्याच फाइलीत खाली नेम[एमआर] अशी वेगळी ओळ होती. भाषा मराठी असेल तर ती ओळ आधी वाचली जाते. दोन्ही ओळी बदलायच्या, आणि फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतातच जतन करायची. एक्झेक (चालवायची कमांड) या ओळीच्या शेवटी असलेला टक्का-यू किंवा टक्का-एफ काढायचा नाही, हेही इथेच सांगते. क्लिक केलेली फाइल प्रोग्रामपर्यंत पोचते ती त्या दोन अक्षरांमुळे. प्रत्येक फाइल लिहून झाली की डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट चालवायची सवय लावली. लहानशी कमांड आहे, पण निसटलेला अर्धविराम ती लगेच दाखवते.

ट्रायएक्झेक या ओळीनं माझं सगळ्यात मोठं काम हलकं केलं. प्रत्येक मशीनवर प्रत्येक प्रोग्राम नव्हता. जुन्या मशीन्सना जड सॉफ्टवेअर झेपत नाही. मग ४६ मशीन्ससाठी किती वेगवेगळ्या याद्या ठेवायच्या, ही चिंता मला पहिल्या दिवसापासून होती. ट्रायएक्झेकमध्ये प्रोग्रामच्या फाइलीचं नाव दिलं की मशीनवर तो प्रोग्राम नसताना नोंद मेनूत येत नाही. एकच संच सगळीकडे पाठवायचा. जिथे जे नाही तिथे ते आपसूक दिसत नाही. हे तिन्ही डेस्कटॉपवर एकेका मशीनवर पाहून खात्री करून घेतली.

२८ फेब्रुवारीला गटांना हात घातला. प्रोग्राम कोणत्या गटात जातो ते कॅटेगरीज या ओळीवरून ठरतं. ऑफिस, ग्राफिक्स, नेटवर्क, एज्युकेशन, युटिलिटी असे मुख्य गट नियमातच ठरलेले आहेत, आणि त्यांतला एकही नसेल तर नोंद ‘इतर’मध्ये जाऊन पडते. आमच्या ‘इतर’मधली गर्दी म्हणजे हीच. विभागांना ‘रोजचं काम’ नावाचा एक गट सगळ्यात आधी हवा होता. स्वतःचा गट करायचा तर त्याचं नाव ‘एक्स-’नं सुरू करावं लागतं. ते प्रोग्रामांच्या कॅटेगरीजमध्ये घातलं, गटाचं नाव आणि चित्र सांगणारी डिरेक्टरी फाइल /यूएसआर/लोकल/शेअर/डेस्कटॉप-डिरेक्टरीजमध्ये ठेवली. राहिली मेनूची रचना.

ती /ईटीसी/एक्सडीजी/मेनूजमध्ये असते आणि इथे प्रत्येक डेस्कटॉपची फाइल वेगळी: एलएक्सडीई-अ‍ॅप्लिकेशन्स, एक्सएफसीई-अ‍ॅप्लिकेशन्स, एलएक्सक्यूटी-अ‍ॅप्लिकेशन्स, प्रत्येकीच्या शेवटी डॉट मेनू. थेट त्या फाइली बदलाव्यात असं मनात आलं होतं, पण आता मी शहाणी झाले होते. ईटीसीमधली फाइल बदलली आणि पॅकेजनं तीच फाइल नव्यानं आणली, तर अपडेटच्या वेळी ‘तुमची ठेवू की नवी?’ असा प्रश्न येतो. रात्री आपोआप होणाऱ्या अपडेटला उत्तर द्यायला कुणी नसतं, आणि ते पॅकेज मागेच राहून जातं. म्हणून शेजारच्या अ‍ॅप्लिकेशन्स-मर्ज्ड या फोल्डरात आमच्या गटापुरता बारा ओळींचा तुकडा ठेवला. मूळ रचनेत तो आपोआप मिसळतो. गटाचा क्रम मात्र प्रत्येक डेस्कटॉप आपल्या रचनेप्रमाणे लावतो. ‘रोजचं काम’ सगळीकडे आलं, पण सगळीकडे पहिल्या क्रमांकावर आलं नाही. मी तो हट्ट सोडला, आणि विभागांनाही ते चाललं.

एलएक्सडीईच्या मशीनवर बदल दिसेचना. फाइल जागेवर, हक्क बरोबर, तरी मेनू जुना. एलएक्सडीई मेनू दर वेळी नव्यानं जुळवत नाही, मेनू-कॅश्ड नावाचा एक सेवक जुळवलेली प्रत होममधल्या डॉट कॅश/मेनूजमध्ये ठेवतो. तो फोल्डर रिकामा केला आणि लॉगआउट करून परत आले की नवा मेनू हजर. दोन तास चुकीच्या जागी शोधल्यावर हे सापडलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात वरिष्ठांनी विचारलं, “टर्मिनल मेनूतून काढलंय म्हणजे आता ते कुणाला उघडता येणार नाही ना?” हा प्रश्न तुम्हालाही येईल, आणि उत्तर लेखी द्या. मेनूतून लपवणं म्हणजे बंद करणं नव्हे. आल्ट-एफ२ दाबून नाव लिहिलं की प्रोग्राम चालतो, फाइल मॅनेजरमधूनही चालतो. एखादा प्रोग्राम खरोखर बंद ठेवायचा तर फाइलीच्या हक्कांत किंवा पॉलकिटच्या (कुणाला काय करायची मुभा ते ठरवणाऱ्या व्यवस्थेच्या) नियमांत ते करावं लागतं. ते वेगळं काम आणि वेगळा अर्ज. मेनू फक्त वाट दाखवतो.

आता सगळ्यात नाजूक भाग. होम फोल्डरांचा मान सर्वांत वर, हे कळल्यावर पोटात गोळा आला होता. लोकांच्या होममध्ये वर्षानुवर्षांच्या जुन्या डेस्कटॉप फाइली होत्या, काही माझ्याच पहिल्या प्रयोगाच्या. त्या तिथे असेपर्यंत मधल्या थरात मी काहीही ठेवलं तरी त्यांना जुनंच दिसणार. ईटीसी/स्केल बदलून भागत नाही, कारण त्यातलं सगळं फक्त नवं खातं उघडताना एकदा कॉपी होतं. जुन्या खात्यांना त्याचा स्पर्श होत नाही. आणि दुसऱ्याच्या होममध्ये हात घालायला पहिल्या मंजुरीत मुभा नव्हती. २ मार्चला दुसरा अर्ज, १० ला परवानगी, अट एक: काहीही पुसायचं नाही. ती अट योग्यच होती. मी ज्या फाइलींचं नाव आमच्या संचातल्या फाइलीशी जुळतं त्याच उचलल्या आणि त्याच होममध्ये तारखेच्या नावाच्या फोल्डरात हलवल्या. लोकांना दोन दिवस आधी सूचनाही लावली.

सगळीकडे पाठवायला एका जागेवरून पुष्कळ मशीन्स बदलणारं अ‍ॅन्सिबल वापरलं. समोरच्या मशीनवर वेगळा सेवक बसवावा लागत नाही, एसएसएच आणि पायथन पुरतं, आणि फाइल आधीच तशीच असेल तर ते तिला हात लावत नाही. मशीन्सचे चार गट केले, डेस्कटॉपप्रमाणे. आधी चेक या पर्यायानं कोरडी फेरी, म्हणजे काय बदललं असतं ते नुसतं दाखवणारी. मग एक मशीन, मग प्रत्येक गटातलं एक, मग सगळी. ते एका वेळी पाचच मशीन्स घेतं. तो आकडा वाढवता येतो, पण आमच्या जुन्या नेटवर्कसाठी मी तसाच ठेवला. ओपनबॉक्सच्या दोन मशीन्सना यातलं काही लागू नव्हतं. त्यांचा उजव्या क्लिकचा मेनू मेनू डॉट एक्सएमएल या स्थिर फाइलीतून येतो, डेस्कटॉप फाइली तो पाहतच नाही. ३४ नोंदींतल्या तिथे असलेल्या १९ हातानं लिहिल्या, ओपनबॉक्सला रीकॉन्फिगर सांगितलं, वीस मिनिटांत झालं.

१४ मार्च, शनिवार. ४६ पैकी ३७ मशीन्सनी उत्तर दिलं. बाकीची नऊ बंद होती; लोक सवयीनं जाताना स्विच बंद करतात. शुक्रवारीच खोलीच्या दारावर ‘आज मशीन चालू ठेवा’ अशी चिठ्ठी लावायला हवी होती. पुढच्या शनिवारी, २१ ला, ती लावली आणि आणखी आठ झाली.

मधल्या सोमवारी, १६ ला, हिशेब पाहणाऱ्या एक ताई आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी स्वतः शिकून, हिशेबाच्या सॉफ्टवेअरची डेस्कटॉप फाइल बदलून ते थेट त्यांच्या चालू वर्षाच्या फाइलीसकट उघडेल असं केलं होतं. नाव मूळचंच ठेवलेलं, त्यामुळे माझ्या फेरीत ती हलवली गेली. “मी एकटीनं शोधून काढलं होतं हो ते,” त्या म्हणाल्या. तारखेच्या फोल्डरातून ती फाइल काढून, नाव थोडं वेगळं करून परत ठेवायला दहा मिनिटं लागली. नाव वेगळं असल्यामुळे आता मेनूत दोन्ही नोंदी येतात, आमची आणि त्यांची. त्या दिवशी संध्याकाळी मी सगळ्या हलवलेल्या फाइली मूळ फाइलींशी ताडून पाहिल्या. आणखी चौघांनी असंच काही स्वतःचं केलेलं निघालं. चौघांना विचारून चारही परत ठेवल्या. पुन्हा करायचं झालं तर हे ताडणं मी हलवायच्या आधी करेन.

एक्सएफसीईवर आणखी एक राहिलं होतं. पॅनेलवर ओढून ठेवलेली चित्रं मेनूशी जोडलेली नसतात. ओढताना डेस्कटॉप फाइलीची वेगळी प्रत होममधल्या पॅनेलच्या फोल्डरात, लाँचर आणि क्रमांक अशा नावाखाली जाते. त्यामुळे मेनूत नवं नाव आणि पॅनेलवर जुनं असं सात जणांकडे दिसलं. त्यांना ती चित्रं काढून मेनूतून पुन्हा ओढायला सांगितलं. स्वतःहून मी पॅनेलला हात लावला नाही.

खर्चाचं विचाराल तर सगळी साधनं मुक्त असल्यामुळे पैसा लागला नाही. वेळ लागला. वहीत मांडलेले तास ७१ भरले. त्यातले २६ पहिल्या दोन चुकीच्या वाटांवर आणि त्या निस्तरण्यात गेले, नऊ नुसते याद्या आणि अर्जांवर. प्रत्यक्ष नव्या फाइली लिहायला आठ तासही लागले नाहीत.

२६ तारखेच्या रात्री पुन्हा मोठं अपडेट झालं. १६ फेब्रुवारीची सकाळ आठवत होती, म्हणून २७ ला मी लवकर जाऊन बसले आणि सगळ्या मशीन्सवरच्या आमच्या फाइलींचे चेकसम (फाइल बदलली का ते ओळखायचे आकडे) एका कमांडनं मागवले. ४५ जुळले. शेहेचाळिसावं मशीन दुरुस्तीहून त्याच दुपारी परत आलं. शनिवारी त्याच्यावर तोच संच चालवला, लॉगिन केलं आणि मेनू उघडला.